पोट तुमचं, मंजुरी त्यांची

रात्री अकराला पोटात उजव्या बाजूला कळ आली की मध्यमवर्गीय मराठी माणूस आधी कपाट उघडतो. ओवा स्वयंपाकघरात असतो, पॉलिसीची फाईल कपाटात. फाईल सापडेपर्यंत कळ दाबून धरायची. डॉक्टरकडे नुसतं पोट घेऊन जायचे दिवस गेले. हल्ली काउंटरवरची मुलगी "काय होतंय?" असं विचारतच नाही. "कॅशलेस का?" म्हणते.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या पित्ताशयात खडे निघाले. काका बँकेतून निवृत्त झालेले. सगळा जन्म दुसऱ्यांची कर्जप्रकरणं मंजूर-नामंजूर करण्यात गेला, त्यामुळे मंजुरी म्हणजे काय चीज असते हे त्यांना सांगायला नको होतं. फक्त या वेळी काउंटरच्या अलीकडे ते होते. सर्जननं सोनोग्राफी उजेडात धरली, पोट दाबून पाहिलं आणि "काढून टाकू" म्हणाला. काकांना वाटलं, ठरलं. सर्जनलाही क्षणभर तसंच वाटलं असावं. मग तो म्हणाला, "टीपीए डेस्कला भेटून घ्या."

टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या मधला माणूस. हा माणूस कुणी पाहिलेला नाही. तो कुठल्या शहरात बसतो, त्याला पित्ताशय डावीकडे असतं की उजवीकडे हे ठाऊक आहे का, काही कळायला मार्ग नाही. फक्त त्याचे प्रश्न येतात, त्यांना क्वेरी म्हणतात. "पहिल्यांदा दुखलं ती तारीख द्या." "पूर्वीचे सगळे कागद जोडा." "रुग्ण मद्यपान करतो का?" काकांनी आयुष्यात फक्त ताक प्यायलेलं, तेही बिनमिठाचं. तसं लेखी दिलं. सही डॉक्टरची.

2024 मध्ये विमा नियामकानं फर्मान काढलं: कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, उशीर झाला आणि रुग्णालयानं त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे. फर्मान उत्तम आहे. तेव्हापासून तासाभरात काही ना काही येतंच, बहुतेकदा नवी क्वेरी. प्रश्न विचारणं हेही उत्तर देणंच आहे, हे वरच्या लोकांना फार लवकर उमगलं.

काकांची पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. काकूंनी 8,000ची खोली घेतली, कारण सेमी-प्रायव्हेटमधला शेजारी घोरत होता. वरचे 3,000 आपण भरू, असा त्यांचा सरळ हिशेब. पण खासगी रुग्णालयात खोली बदलली की सर्जनची फीही बदलते. सर्जन तोच, हात तोच, दुर्बीण तीच. तरी जनरल वॉर्डातून आलेलं पित्ताशय स्वस्तात निघतं आणि डिलक्समधून आलेलं महागात. कंपनी मग त्याच प्रमाणात कात्री लावते. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून 80,000 झाले असतील तर ती 50,000 मोजते. शिवाय 5,000च्या वरच्या खोलीला 2022 पासून पाच टक्के जीएसटी आहे, म्हणजे रोजचे आणखी 400. परक्याच्या घोरण्यापासून सुटका एवढ्या भावात कुठेच मिळत नसेल.

पॉलिसीच्या शेपटाला एक यादीही असते: कशाचे पैसे मिळणार नाहीत, त्या 68 गोष्टींची. तिच्यात हातमोजे आहेत. सर्जननं हातमोजे घालून पोट उघडलं ही त्याची हौस. मास्क आहे. ईसीजीचे इलेक्ट्रोड आहेत. ईसीजी काढा, पण चिकटवू नका. शवागाराचं शुल्कही त्याच यादीत आहे. मेल्यानंतरचा मुक्काम ज्याचा त्यानं बघावा.

हे सगळं पैशांचं झालं, उपचार तर डॉक्टरच ठरवतो ना, असं कुणी म्हणेल. ठरवतो, पण फाईलकडे एक डोळा ठेवून. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झालात तर क्लेम नामंजूर. चोवीस तासांच्या आत घरी गेलात आणि तुमचा आजार डे-केअरच्या यादीत नसला, तरी नामंजूर. गोळीनं बरे झालात तर फारच वाईट. मग दाखल कशाला झाला होतात? म्हणून ताप उतरलेला पेशंट मुकाट्यानं सलाईन लावून पडून राहतो. बाटली शिरेत जाते, खरी गरज फाईलला असते. सव्विसाव्या तासाला दोघांनाही बरं वाटतं.

यावर आमच्या कट्ट्यावरचे समाजवादी म्हणतात, सरकारीत जावं. तिथे धंदा नाही. खरं आहे. तिथला निवासी डॉक्टर जेमतेम पंचविशी ओलांडलेला, कालपासून जागा. तुमची पॉलिसी कितीची, हा विचार त्याच्या स्वप्नातही येत नाही, कारण स्वप्नं पडायला झोप लागते. त्याचं निदान बहुधा बरोबर निघतं. दिवसाला त्याच्या हाताखालून जेवढी पोटं जातात तेवढी बड्या सर्जनच्या हाताखालून महिन्यात जात नसतील. पण त्यानं चिठ्ठीवर औषध लिहिलं की निर्णय भांडाराकडे जातो. भांडारात असेल ते योग्य औषध. नसेल तर "बाहेरून आणा." बाहेर म्हणजे गेटसमोरचं मेडिकल. तिथे कसलाच तुटवडा नसतो. सरकारनं 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, 2023 मध्ये तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण स्थापायचा कायदा केला. गेटसमोरच्या मेडिकलवाल्याला प्राधिकरण लागलं नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, ती त्या निर्णयात नव्हती. म्हणजे दुखायला लागलं की पेशंटनं आपला आजार कुठल्या खात्याचा, हे आधी ठरवायचं. एक मात्र कबूल करायला हवं: सरकारीत उगाच कुणाचं ऑपरेशन होत नाही. ज्याचं व्हायला हवं त्याचंच तारीख-पे-तारीख होत असतं. स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि वॉर्डातल्या मावशी यांच्या मर्जीवर बरंच काही चालतं, पण निदान त्या दोघांना चेहरा तरी असतो. भांडता येतं, हातापाया पडता येतं. टीपीएच्या कुठे पाया पडणार?

मधली वाट म्हणून सरकारची आरोग्य योजना. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते, आणि जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्यांना, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हिच्यामुळे हजारो लोक वाचले, त्याची टिंगल करणार नाही. पण तिथे डॉक्टर आधी यादी बघतो. "योजनेत बसत नाही" हे निदान मी ज्या गंभीर चेहऱ्यानं सांगताना ऐकलंय, तेवढ्या गंभीरपणे कुणी कर्करोगाचंही सांगत नाही. पॅकेज नसलेल्या आजारानं माणसानं आजारीच पडू नये.

आणि धर्मादाय रुग्णालयांत? तिथे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, असा नियम. निर्धन कोण, हे तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ठरतं. म्हणजे तिथे प्रिस्क्रिप्शन तहसीलदार लिहितो.

पण हे सगळे निर्णयकर्ते, भांडारपाल, तहसीलदार, क्वेरी काढणारा तो अदृश्य गृहस्थ, बीडच्या मुकादमापुढे भाबडे आहेत. ऊसतोडीला जोडपं जातं, त्याला कोयता म्हणतात. पाळीत बाई कामावर आली नाही की खाडा, आणि खाड्याला मुकादमाचा दंड. त्यात पोट दुखतं म्हणून ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते, डॉक्टर कॅन्सरचं भय घालतो आणि गर्भपिशवी काढतो. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्याचे आकडे आले: पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. त्यांतल्या कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. इथे क्वेरी निघाली नाही, मागचे कागद कुणी मागितले नाहीत. बायकांनी कर्ज काढून रोख पैसे भरले. रोखीला मंजुरी लागत नाही. हा सगळा गाजावाजा झाल्यावर सरकारनं उपाय केला तोही आपल्या स्वभावाला धरून: खासगीत पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी.

पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, असं 1946 मध्येच एका समितीनं सांगून ठेवलं होतं. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्मानं नाशिकचे. अहवालाचे जाडजूड खंड निघाले. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेतो म्हटलं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. त्याच वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले 39 लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून काढले. एखाद्या कंपनीत 39 टक्के भाग असणाऱ्याला संचालक मंडळावर घेतात, निदान सभेला चहा-बिस्किटं देतात. इथे त्याला टोकन देतात आणि आकडा पुकारेपर्यंत बसायला सांगतात.

तरीही पेशंटला विचारत नाहीत असा आरोप करता येणार नाही, कारण सरकारी असो वा खासगी, संमतीपत्र दोन्हीकडे असतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर काकांकडे ते घेऊन आली. बारीक टाइपातली चार पानं. पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्याच. "इथे, इथे आणि मागे एक." काकांनी बँकेतल्या सवयीनं विचारलं, "काय लिहिलंय?" ती म्हणाली, "रूटीन आहे हो. सगळं तुम्हाला समजावून सांगितलंय आणि हा निर्णय तुम्ही स्वतः पूर्ण विचार करून घेतलाय, असं." काकांनी सही ठोकली. वाचलं असतं, पण चष्मा काकूंच्या पर्समध्ये होता आणि काकू खाली डिपॉझिटच्या रांगेत उभ्या होत्या.