धर्माची गाय, दात मोजून घ्या

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा सहजी फसत नाही. दात किती, वेत कितवं, चारही सड चालू आहेत ना, हे सगळं बघून झालं तरी धार काढून दाखवल्याशिवाय त्याचा हात खिशाकडे जात नाही. हाच गडी कांद्याच्या आडतीसाठी कॉम्प्युटर घ्यायला जातो तेव्हा मात्र एवढंच विचारतो, ‘चालू होतो ना?’

चालू होतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं वर्षानुवर्षं दिसत राहतात. मालकाला तो कंपनीचा शिक्का वाटतो.

पुढे 14 ऑक्टोबर 2025 उजाडला आणि मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10वरचा हात काढून घेतला. विंडोज 11ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि वर टीपीएम 2.0 नावाची सोय लागते. धडधाकट चालणारी कित्येक यंत्रं त्या दिवशी भाकड ठरली. अशा वेळी पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीला येतो.

‘मामा, विंडोज काढून लिनक्स टाका. फुकट आहे!’

फुकट म्हटल्यावर मामा विरघळतो. पण लिनक्स म्हणजे एक जनावर नव्हे, अख्खा बाजार आहे. लिनस टॉरवाल्ड्सनं 1991 साली लिहिला तो नुसता गाभा. त्यावर 1993मध्ये डेबियन उभं राहिलं, डेबियनवर 2004मध्ये उबुंटू, उबुंटूवर 2006मध्ये मिंट, आणि आता भाऊबंदकी शेकड्यांत आहे. भाचा त्यातून नेमकं काली लिनक्स निवडतो. ते आहे नेटवर्कमधल्या फटी शोधणाऱ्यांसाठी; मामाला करायची असते कांद्याची पट्टी. पडद्यावर ड्रॅगन उगवला की मामा म्हणतो, ‘व्हायरस आला.’

‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ असं म्हणून फुकटच्या वस्तूची चौकशी करणाऱ्याला आपण गप्प बसवतो. इथे मात्र दात मोजावेतच. 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पुरते; तिला चारा कमी लागतो. माळ्यावरच्या 32 बिटवाल्या डब्याला अँटीएक्स किंवा पपी दाखवावं. डेबियनकडे जायचं तर 12वर थांबावं, कारण ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या 13नं या जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. शाळेसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘बॉस’ नावाचं लिनक्स 2007पासून आहे, भारतीय भाषांसकट. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. पण आपल्या भाच्याला पुण्यात राहून बॉस ठाऊक नसतं. केरळातल्या सरकारी शाळा मात्र कधीच्याच लिनक्सवर शिकवतात.

आडत्याची शंका वेगळीच. ‘ज्याचा कोड जगाला उघडा, त्यात माझा हिशेब सुरक्षित कसा?’ आता ही शंका घोडेगावानं काढावी? शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची जुनी रीत, आणि 2011 साली युको बँकेनं तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. लिनक्स तर शनिदेवावरही भार टाकत नाही. साधं सॉफ्टवेअर टाकायचं तरी पासवर्ड मागतं. शिवाय शंका घेणाऱ्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, आणि पैशांचे सगळे व्यवहार त्याच फोनवरून होतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि भाचा ती सांगत नाही. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. श्रीलिपीतली जुनी पत्रं उघडली तर अगम्य अक्षरं दिसू शकतात. डिजिटल सहीचा डोंगल, अंगठ्याचं यंत्र, पावतीचा प्रिंटर यांतलं एखादं हटून बसतं. ज्याचं पोट टॅलीवर किंवा ई-सेवा केंद्रावर आहे, त्यानं ते एक यंत्र विंडोजवरच ठेवावं, आणि रीतसर परवाना विकत घेऊन. घरातलं पोरांचं यंत्र खुशाल लिनक्सवर न्यावं.

त्याआधी धार काढून बघण्याची सोय इथेही आहे. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घ्या आणि कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करा. आतल्या डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासून होतं. पसंत पडलं तर पुढे जा. मात्र त्याआधी सगळ्या पट्ट्या, फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, कारण इन्स्टॉलर ‘सगळं पुसू का?’ असं एकदाच विचारतो आणि भाचा न वाचता ‘हो’ दाबतो.