सूत्रांनी पाहिलेला गुडघा

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस असो की बैल, सौद्याची रीत एकच. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं, गुडघ्यावरून हात फिरवतं, जनावर चार पावलं चालवून बघतं. मग रुमालाखाली बोटं धरली जातात. भाकड म्हैस ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ गाभण सांगणाऱ्या दलालाला पुढच्या शुक्रवारी चहासुद्धा उधार मिळत नाही.

क्रीडा वाहिन्यांचा बाजार निराळा. तिथं भाव आधी फुटतो, गुडघा कुणी बघितलेलाच नसतो.

५ एप्रिल २०२५चा शनिवार आठवा. महेंद्रसिंग धोनीचे आई-वडील चेपॉकवर सामना बघायला आले. म्हातारा-म्हातारीनं पोराचा खेळ बघितला, एवढीच खरी बातमी. पण कॅमेरा त्यांच्यावर गेला आणि सामना संपायच्या आत पडद्यावर धोनी निवृत्त होऊनही गेला. आमच्याकडं आई-बाप शेतावर आले, की भाकरी घेऊन आले असतील असं समजतात. पोरगं शेती सोडतंय असं कुणी पंचायतीत जाहीर करत नाही.

पुढं काय झालं? गुवाहाटीत कल्याणच्या तुषार देशपांडेचा चेंडू पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या कोपरावर बसला होता. १० एप्रिलला हाड मोडल्याचं जाहीर झालं आणि चेन्नईचं कर्णधारपद आलं कुणाकडं? शनिवारी ज्याला रडून निरोप दिला, त्या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाकडं. शिंगणापूरचा फाटा आमच्याच गावात, त्यामुळं साडेसातीचा थोडाफार अभ्यास आहे. पाच दिवसांत उतरलेली ही पहिलीच.

गंमत अशी, की धोनीच्या गुडघ्याचा हिशेब चेन्नईचे प्रशिक्षक फ्लेमिंग यांनी त्या शनिवारच्या आठवडाभर आधीच मांडला होता : गुडघे पूर्वीसारखे नाहीत, पूर्ण दमानं दहा षटकं पळत फलंदाजी होणार नाही. इतकं सरळ बोललं की चर्चेला चार पाहुणे बसवता येत नाहीत, हाच त्यातला दोष.

आमच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननंही हाच दोष केला. २०११ला लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू गेला. ‘संपला’ म्हणणाऱ्यांनी हात धुऊन घेतले. गडी २०१३ला युवराजबरोबर फ्रान्समध्ये जाऊन घाम गाळून आला, जोहान्सबर्गला कॅलिसला बाद करून तीनशेवा कसोटी बळी घेतला. वेलिंग्टनला मॅक्युलम त्रिशतक ठोकत असताना या बाबानं एका डावात ५१ षटकं टाकली आणि पाच बळी घेतले. आणि १५ ऑक्टोबर २०१५ला स्वतःच सांगितलं, की दिवसाला अठरा षटकं आता खांदा सोसणार नाही. खांदा त्याचा, निर्णय त्याचा, आकडाही त्याचाच. सूत्रांना काम उरलं नाही.

विनेश फोगाटनं तर त्यांची फारच पंचाईत केली. धोनीच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी, २०२३ला, तिचाही गुडघा मुंबईतच उघडला गेला. पुढं पॅरिस ऑलिंपिकला वजनातले शंभर ग्रॅम आडवे आले, तिनं कुस्ती सोडली, आमदार झाली आणि डिसेंबर २०२५मध्ये स्वतःच जाहीर केलं, की लॉस एंजेलिससाठी परत येतेय. दोन्ही वेळा बातमी तिनंच दिली. आता तिच्या दुसऱ्या निवृत्तीची तारीख तरी सूत्रांनी वेळेत कळवावी. तिला सरावाचं वेळापत्रक लावायचं असेल.