कामाचे स्वरूप : पळणे

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक लांबडं रजिस्टर असतं. फ्लॅट नंबर, बाहेर, आत, कामाचे स्वरूप. कुरिअरवाले आणि प्लंबर यांच्यासाठी. गेल्या जूनमध्ये एका पहाटे मी अर्ध्या चड्डीत खाली उतरलो, तेव्हा वॉचमनकाकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे लिहिलं : 'बी-७०४. बाहेर ५.०५. पळणे.'

पुढच्या रकान्यात लगेचच भर पडली. 'आत ५.२१.'

"काय विसरलं का साहेब?" काकांनी काळजीने विचारलं.

विसरलं काहीच नव्हतं. ऑफिसात चहाच्या वेळी, कोणी विचारलेलं नसताना, मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावणार असल्याचं सांगून बसलो होतो. एकवीस किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरून परत यायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अर्धीच का? घ्यायची तर पूर्ण घ्यावी." ती आयुष्यात कधी अर्धा किलो साखर घेऊन आलेली नाही.

मग बूट. दुकानातल्या मुलाने मला पट्ट्यावर पळवलं, मोबाइलवर चित्रण दाखवलं आणि डॉक्टरी आवाजात म्हणाला, "सर, तुमचा पाय आत पडतो." सत्तेचाळीस वर्षं पाय आत पडत होता आणि घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. "मी रोज काढते," बायको म्हणाली, "फरशी पुसून झाल्यावर." साडेआठ हजार रुपये.

बूट घेऊन आलो आणि त्याच रात्री, कुठून बुद्धी झाली, फडेप्पा चौगुल्यांबद्दल वाचलं. बेळगावकडचा हा माणूस १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला, बेचाळीस किलोमीटरहून जास्त, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, आणि एकोणिसावा आला. भारताच्या त्या संघाची जुळवाजुळव झाली ती आमच्याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर. तिथे अनवाणी पळणारी पोरं पाहूनच दोराबजी टाटांनी संघ पाठवायचं मनावर घेतलं होतं. त्या पोरांचा पाय आत पडतो की बाहेर, हे कोणी पाहिल्याची नोंद नाही. मी बिल जपून ठेवलं.

धावण्याचं एक शास्त्र असतं. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, असं जाणकार सांगतात. पगारवाढीच्या पत्रात जो आकडा मला अपमानास्पद वाटतो, तोच इथे पेलवेना. शर्यतीआधीचे दोन आठवडे पळणं कमी करायचं असतं, त्याला टेपर म्हणतात. ही एक गोष्ट मला उपजत येत होती. मी ती जुलैपासूनच सुरू केली.

रविवारी ग्रुपबरोबर लांब पळायचं आणि मग मिसळ. ग्रुपमधले बरेच जण मुळात मिसळीसाठीच येतात असा माझा संशय आहे. बायको हिशेबतपासनीस. अंगाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जळते, एवढं तिला कळलं आणि माझं वाटोळं झालं. "ब्याऐंशी गुणिले आठ, सहाशे छप्पन. दोन प्लेट मिसळ, पाव किती?"

"सहा."

"आणि ताक. घरी झोपून राहिला असतास तर फायद्यात होतास."

प्रेरणा म्हणून लोक भिंतीवर वाघाची चित्रं लावतात, पहाटे भाषणं ऐकतात. मला उठवलं ते रजिस्टरने. पाऊस कोसळत असायचा, पांघरूण ऊबदार असायचं, आणि डोळ्यांपुढे तो रकाना यायचा. एक दिवस चुकला की काका आठवण करून द्यायचे, "मंगळवार कोरा राह्यला साहेब." एकदा फारच कंटाळा आला, तर खाली उतरून अर्धा तास पार्किंगमध्ये स्कूटरींच्या आडोशाला थांबलो आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आलो. काकांनी तेही टिपलं होतं. 'बी-७०४. पार्किंग. कामाचे स्वरूप : उभे.' महिनाअखेर सेक्रेटरींनी रजिस्टर चाळलं आणि मला लिफ्टमध्ये विचारलं, "काही घरगुती अडचण आहे का?"

साताऱ्याचं फार सांगत नाही. घाटात धुकं होतं, शेवटचा चढ मी चाललो, उतारावर गुडघे माझ्याशी बोलायचे थांबले. वेळ लागला २ तास ५१ मिनिटं. म्हणजे चौगुले आणि मी यांच्यात फरक फक्त पंधरा सेकंदांचा. आणि एकवीस किलोमीटरचा.

रात्री नऊला कंदी पेढे घेऊन गेटवर पोचलो. काकांनी पदक उलटंपालटं करून पाहिलं.

"पहिला नंबर?"

"नाही हो. पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना देतात."

"असू दे," काका म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला. मी सही करायला रजिस्टर ओढलं. पान उलटलेलं होतं. वर उद्याची तारीख, आणि पहिल्याच ओळीत काकांच्या टपोऱ्या अक्षरात : 'बी-७०४. बाहेर ५.०५. पळणे.'

'आत'चा रकाना तेवढा कोरा होता.