नानांची पहिली चाल

१९९७च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकानं कास्पारोव्हला हरवल्याची बातमी आली आणि नानांनी जाहीर केलं, "बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम मी लिहिणार." फक्त भाषा ठरायची होती. ती अजून ठरायची आहे.

नाना आमच्या रविवारच्या बुद्धिबळ वर्गाचे गुरुजी. पोरगं विचारात पडलं की टेबलावर बोट वाजवत म्हणणार, "अरे खेळ, घड्याळ पळतंय!"

पास्कल त्यांना फार शिस्तीची वाटली. सी वेगवान, पण पॉइंटर चुकला की घोड्याआधी प्रोग्रॅमच अडीच घरं उडतो. जावावर जीव जडला होता. पण पटाची चौसष्ट घरं चौसष्ट बिटांच्या एका आकड्यात बसवायची, आणि जावात शेवटचं बिट उणे चिन्हाचं. "म्हणजे शेवटच्या घरातला काळ्याचा हत्ती उण्यावर बसवू?" नाना कळवळले. त्यानं खेळात काही बिघडत नाही. पण हत्तीचा अपमान त्यांना सोसवेना. पायथन मंद. रस्ट कडक सोवळ्यातली, एकानं घेतलेली वस्तू दुसऱ्याला शिवू देत नाही.

"मग सी प्लस प्लस घ्या. बुद्धिबळाचा स्टॉकफिश प्रोग्रॅम त्यातच आहे."

"म्हणूनच नको. लोक म्हणतील, नक्कल केली."

"नाना, ट्युरिंगकडे तर त्याचा प्रोग्रॅम पेलेल असं यंत्रही नव्हतं. १९५२ साली कागदावर आकडेमोड करत त्यानं डाव खेळला. एकेका चालीला अर्धा अर्धा तास!"

"आणि हरला," नाना म्हणाले. "बघ, भाषा न निवडता बसलं की असं होतं."

गेल्या सुट्टीत त्यांच्या नववीतल्या नातीनं पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून टाकला. नियम बरोबर बसलेत का हे पाहायला सुरुवातीपासूनचे सगळे शक्य रस्ते मोजतात. पांढऱ्याच्या पहिल्या चालीला २०, काळ्यानं उत्तर दिलं की ४००, मग ८९०२. पाचव्या चालीला ४८६५६०९ यायला हवेत. तिचे आले ४८६५३५१. दोन दिवस ती डोकं धरून बसली होती. नानांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "किती कमी?"

"२५८."

"एन पासाँ विसरलीस. प्याद्यानं जाता जाता प्यादं मारायचं राहिलं."

तिनं चार ओळी घातल्या. आकडा जुळला. थक्क होऊन तिनं नानांच्या सात वह्या काढल्या. प्रत्येक भाषेला एक, आत गुण-दोषांचे दोन रकाने. प्रोग्रॅमची ओळ एकाही वहीत नाही.

तिनं वही मिटली आणि टेबलावर बोट वाजवलं. "नाना, खेळा. घड्याळ पळतंय."

नाना दचकले. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी, शोधत शोधत, पहिली ओळ उमटवली. यंत्र जी ओळ वाचतच नाही, फक्त माणसांसाठी जी टीप असते, ती:

भाषा तात्पुरती.