शाल, श्रीफळ आणि मे महिना

यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. पण इथल्या सत्कारात खांद्यावर पडणारी शाल बहुधा सिंथेटिक, तीही भर मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना! सत्कारमूर्ती घामाघूम, फोटोवाला म्हणतो, "भाऊ, जरा इकडे पाहा न!" शाल धरणारे हात सात जणांचे. फोटोत दिसतात तेच.

एकदा मात्र उलटं झालं, दिलेला मानच काढून घेतला गेला. जानेवारी २०१९मध्ये इथेच झालेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, तेव्हा कुठे आयोजकांना राजूरच्या वैशाली येडे आठवल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. त्यांनी उद्घाटन केलं, मांडव टाळ्यांनी दणाणला. त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. हरल्या.