रा. रा. डबाबंद हसूराव यांना अनावृत पत्र

रा. रा. हसूराव डबेकर,
मुक्काम : विनोदी कार्यक्रमांच्या मागची खोली, मुंबई.

स. न. वि. वि.

आपण आम्हाला ओळखत नाही, पण आम्ही आपल्याला रोज ऐकतो. अकोटला माझं टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त केलेला संच तपासायला काहीतरी लावावं लागतं. बातम्या लावल्या तर गिऱ्हाइकांची आपसात जुंपते, म्हणून मी विनोदी कार्यक्रम लावतो. पुष्कळदा चित्राच्या आधी आपला आवाज येतो. पडदा काळा आणि आत माणसं खो-खो हसतायत. परवा एका आजीबाईंनी विचारलं, "काऊन रे बाप्पा, कायले हासून रायले हे?" म्हटलं, "आजी, जोक अजून यायचा हाय."

आपलं घराणं मोठं, हे मान्य. 1950 च्या दशकात अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने एक पेटी बनवली. टाइपरायटरसारखी बटणं आणि पायाशी पेडल. एक बटण दाबलं की बाईचं खुदकन हसू, दुसरं दाबलं की पुरुषांचा गडगडाट. हसू किती लांबवायचं ते पायाने ठरायचं. आत 32 टेपा, त्यांवर 320 हसू. पेटीला कुलपं असत आणि आतली करामत डग्लससाहेब बाहेरच्या कुणाला पाहू देत नसत. आमच्याकडे एवढा बंदोबस्त फक्त लोणच्याच्या बरणीला असतो. पुढे 'मॅश' ही युद्धातल्या डॉक्टरांची मालिका आली, तेव्हा करणाऱ्यांना तुम्ही नकोच होतात. वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीत तुम्ही शिरायचं नाही. पेशंटचं पोट उघडं असताना हसू नये, एवढं तरी तुमच्या मालकांना पटलं. बीबीसीने ती दाखवताना तुम्हाला बाहेरच ठेवलं.

मराठीत मात्र तुम्ही पेटीतून उठून थेट सोफ्यावर येऊन बसलात.

मी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चा पंखा आहे, हे आधी सांगतो, म्हणजे गैरसमज नको. 2018 पासून पाहतो. नम्रता संभेरावची लॉली आली की मी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवतो, नाहीतर गिऱ्हाइकाचा मोबाइल जळायचा. माझं दुखणं निराळंच आहे. समीर चौघुले नुसते मान वळवून बघतात, मला हसू फुटणार असतं, नेमका त्याच वेळी कॅमेरा परीक्षकांकडे पळतो. ते आधीच हसून लाल झालेले. परत येईपर्यंत चौघुलेंचा चेहरा दुसऱ्याच वाक्यावर गेलेला असतो. म्हणजे मला काय पाहायला मिळालं? दुसऱ्याचं हसणं. जेवणाच्या पंगतीत मला बसवून शेजारच्याला वाढावं, तो प्रकार. परीक्षकांचं हसणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं असेल तर जास्तच वाईट, कारण माझ्या वाट्याचं होतं.

'तारक मेहता'बद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. 28 जुलै 2008 ला सुरू झालेली ही मालिका माझ्या दुकानात कधीही, कुठल्याही चॅनेलवर लागलेली सापडते. त्यात पत्रकार पोपटलालचं लग्न वर्षानुवर्षं जमत नाही, हा विनोद. छत्री मोडते, स्थळ मोडतं, आणि मागे टुंईं असा आवाज येतो. अकोट तालुक्यात संत्र्याच्या बागा असलेले, विहिरीला बारमाही पाणी असलेले पोट्टे पस्तिशीला आले तरी त्यांना पोरी मिळत नाहीत. मुलीच्या बापाला जावई नोकरीवालाच पाहिजे, मग तो पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहीना का. तो टुंईं आवाज इथे कुणी काढत नाही, हसूराव. काढून पाहा एकदा.

आमच्या बोलीचंही तसंच. अमरावती जिल्ह्यातले भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'त वऱ्हाडी बोलायचे तेव्हा तिच्यात सूर होता, कुठे थांबायचं ते कळत होतं. वाक्य संपल्यावर ते गंभीरच राहायचे. आमच्याकडे विनोद करणारा माणूस स्वतः हसला तर त्याला कच्चा समजतात. त्यांचं चाललेलं पाहून बाकीच्या लेखकांनी काय उचललं? 'बे'. साध्या वाक्याच्या शेपटाला 'बे' लावलं की झालं वऱ्हाडी, आणि ते पात्र बावळट असणार हे ठरलेलं. त्यावर तुम्ही हजर. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांचा 'मिर्झा एक्सप्रेस' हा कवितांचा कार्यक्रम ज्यांनी समोर बसून ऐकला, त्यांना विचारा. तिथे मागच्या रांगेतला एखादा तंबाखू मळत ढिम्म बसलेला असायचा. चार ओळी पुढे गेल्यावर त्याला मागचं समजायचं आणि तो एकटाच फुटायचा. मग त्याच्यावर सगळा मंडप हसायचा. असं उशिरा येणारं हसू तुमच्या 320 मध्ये होतं का?

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका 2001 ते 2005 चालली. दिलीप प्रभावळकरांचे आबा रात्री डायरी लिहायला बसायचे, आणि दिवसभरातलं नेमकं कशाला हसायचं ते आम्ही घरात आपसात ठरवायचो. वडिलांना हसू यायचं तिथे आईला राग यायचा. ती सोय आता गेली.

म्हणून मी व्हिडिओ गेमकडे वळलो, असं म्हटलं तर बायको म्हणेल की तुम्ही कधी तिकडून वळला होता? खरं आहे. मशिनीतून आलेल्या ज्या एकाच हसण्याचा मी आदर करतो, ते तिथलंच आहे. निन्टेन्डोच्या 1984 च्या 'डक हंट'मधला कुत्रा. आपल्याकडे तो चिनी नकलेच्या आठ-बिटी यंत्रातून, पिवळ्या कॅसेटीतून आला. बदक चुकलं की गवतातून वर येऊन तोंडावर पंजा धरून हसायचा. माझ्यावर हसायचा! माझा नेम चुकला म्हणून. इतका सरळ व्यवहार टीव्हीवर पुन्हा पाहिला नाही.

त्या बंदुकीचीही गंमत सांगतो, धंद्यातली आहे. बंदूक काहीच सोडत नसे, ती फक्त बघत असे. घोडा दाबला की पडदा डोळ्याला कळेल न कळेल इतका वेळ काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र जरासं उशिरा येतं, तेवढ्यात बंदूक आंधळी. अजूनही कुणीतरी माळ्यावरचं यंत्र घेऊन येतो आणि म्हणतो, "भाऊ, बंदूक बिघडली." बंदूक धडधाकट असते. काळ बिघडलाय म्हटलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

आता तुमचे भाऊबंद गेममध्येही घुसलेत. 2 सप्टेंबर 2020 ला पब्जीवर बंदी आली, पुढच्या जुलैत ती 'बीजीएमआय' नाव लावून परतली, 2022 मध्ये पुन्हा गेली, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आली. माहेरवाशीणही इतक्या वेळा येत-जात नाही. रक्त हिरवं करायची सोय दिली, म्हणजे पोरांवर संस्कार होतील. पुतण्याने मला खेळायला बसवलं. पहिल्याच डावात मी धडाधड माणसं पाडली, चिकन डिनर मिळालं, पडद्यावर कौतुक. पुतण्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, ते समदे बॉट होते, मशिनीचे खेळाडू. नवीन माणूस पळून जाऊ नये म्हणून भरतेत." म्हणजे तिकडे माझ्याऐवजी कुणीतरी हसतं, आणि इकडे माझ्यासाठी कुणीतरी मरतं. मी नेमकं करायचं काय?

'जीटीए 6' या गेमकडे अजून आशा आहे. पाचवा भाग 2013 ला आला. सहाव्याची तारीख दोनदा पुढे गेली आणि आता 19 नोव्हेंबर 2026 सांगतात. उशीर झाल्याबद्दल जगभरची पोरं चिडलीत. अकोटची नाही चिडली. अकोला-अकोट रेल्वे रुंदीकरणासाठी 2017 मध्ये बंद झाली, ती नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. तीही गांधीग्रामचा पूल धोक्यात येऊन रस्ता बंद पडला तेव्हा. पुढे खंडव्यापर्यंत कधी जाईल, याची गोठ चहाच्या टपरीवर निघते आणि तिथेच संपते. आम्हाला वाट पाहायची सवय आहे.

तुमचं टीव्हीवरचं काम सुटलंच, तर इकडे या. निवडणुकीच्या सभांत जागा आहेत. पुढारी आपल्याच कोटीवर थांबतो आणि पुढच्या रांगा मोबाइलमध्ये असतात. तुमच्यासारखा माणूस रोजीने लागेल. लग्नात जावयाच्या मित्रांची भाषणं असतात, शाळेत पाहुण्यांची. बाजार समितीत मात्र येऊ नका. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. बोली त्याच्या खालून सुरू झाली की गाडीवर बसलेला शेतकरी आपला आपण हसतो. तिथे बाहेरचा माणूस लागत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपला,
अकोटचा एक जुना प्रेक्षक

ता. क. पुतण्याला हे पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो, "काका, हे हसूराव बी बॉटच हाय." तसं असेल तर वरचा मजकूर रद्द समजावा. बॉटावर रागावून काय हशील?