'चांगला' म्हणजे किती?

(सोसायटीच्या बागेतला बाक. संध्याकाळ. एप्रिल महिना, म्हणजे एकाच्या हातात पगारवाढीचं पत्र आणि दुसऱ्याच्या हातात शेंगांची पुडी.)

हिंजवडीवाला : काका, वर्षभर रात्री अकरा-अकरापर्यंत कॉल घेतले. शेरा काय, तर 'अपेक्षेप्रमाणे'. वाढ साडेसहा टक्के! माझं काम मोजलंच नाही.

निवृत्त लेखापाल : मोजलंही असेल. पण मोजमापावरून वाढ ठरते ही तुझी समजूत. आधी वरून थैली येते, मग थैलीला पुरतील असे शेरे लिहितात. दहा जणांची टीम धर, प्रत्येकाचा पगार महिना लाख. वरून ८ टक्के आले, म्हणजे ८० हजार. एकाला २० टक्के दिले की २० हजार गेले. राहिलेल्या ६० हजारांत नऊ जण, माणशी ६,६६६ रुपये. आता या नवांना 'उत्कृष्ट' लिहून साडेसहा टक्के हातावर टेकवले, तर उद्या नऊ राजीनामे येतील. त्यापेक्षा शेरा खाली उतरवणं स्वस्त. शाईला काय लागतं?

हिंजवडीवाला : पण ठरावीक जणांनाच वरचा शेरा देणारा तो बेल कर्व्ह कितीतरी कंपन्यांनी काढून टाकला.

निवृत्त लेखापाल : मायक्रोसॉफ्टने २०१३ साली काढला. पण बक्षिसाची रक्कम वाटायची मोकळीक मॅनेजरला दिली, तीही बजेटच्या आतच. पंगतीत पानं कशीही मांडा, श्रीखंड पातेल्यात आहे तेवढंच!

हिंजवडीवाला : तुमचं सरकारी खातं बरं. ३ टक्के ठरलेले.

निवृत्त लेखापाल : सातव्या वेतन आयोगात मूळ वेतनाच्या ३ टक्के, राबणाऱ्यालाही आणि खुर्चीला कोट अडकवून चहाला जाणाऱ्यालाही. त्यामुळे टक्क्यांवरून कोणी रुसत नसे, भांडण तारखेवरून. वाढ १ जुलैला आणि निवृत्ती ३० जूनला, म्हणजे वर्ष पुरं भरलं, पण वाढीच्या दिवशी माणूस नोकरीत नाही. त्या एका दिवसासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, आणि २०२३ साली जिंकलेसुद्धा. शेऱ्याचा घोळ मात्र आमच्याकडेही होता, गोपनीय अहवालात. एका अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीला लागत होता 'फार चांगला'. 'चांगला' ही काही वाईट नोंद नाही, म्हणून त्याला ती कळवलीही नव्हती. बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितलं, की बढती अडत असेल तर 'चांगला'सुद्धा प्रतिकूलच. प्रत्येक नोंद कळवा. शब्दाची किंमत शब्दकोशात नसते रे, त्याच्या पुढ्यात किती जागा आणि किती पैसे आहेत त्यावर असते.

हिंजवडीवाला : मग कामच कशाला करायचं? मीही कोट अडकवतो.

निवृत्त लेखापाल : तुझ्याकडे खुर्चीच नाही, रोज नवी बुक करतोस! आणि तो २० टक्केवाला एक जण कोणीतरी ठरतोच ना? तो ठरतो मॅनेजर लोकांच्या बैठकीत, तू नसताना. तिथे तुझ्या मॅनेजरने तुझ्यासाठी भांडायचं, तर त्याच्याजवळ दारूगोळा हवा. 'खूप मेहनती आहे' यावर कोणी मान डोलवत नाही. 'याने अमुक काम केलं, तमुक गिऱ्हाईक टिकलं' यावर डोलवतात. ते कागद डिसेंबरात, थैली बांधायच्या आधी पोचवायचे. एप्रिलमधली चर्चा म्हणजे दहाव्याला जाऊन तब्येतीची चौकशी. आणि इतकं करूनही थैली फाटकी निघाली, तर बाहेरची ऑफर तेवढी त्या थैलीतून येत नाही.

हिंजवडीवाला : पटलं. आता सहामाहीचा फॉर्म उघडलाय. स्वतःला पाचपैकी किती देऊ?

निवृत्त लेखापाल : मॅनेजर काय म्हणतो?

हिंजवडीवाला : म्हणाला, मोकळेपणाने लिही. फक्त साडेतीनच्या वर जाऊ नकोस.

निवृत्त लेखापाल : शेंगा घे.